घरोघरी सूर्य की गावोगाव तार?



यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात सौर ऊर्जेची इतकी मॉडेल्स आली होती की गुण देताना परीक्षकांचाही गोंधळ उडाला. त्यातल्या एका मॉडेलसमोर सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, प्रत्येक घरावर असे पॅनल बसवले तर विजेचे खांब काढून टाकता येतील ना?" आजूबाजूच्या मोठ्या माणसांना हसू आले. आम्हाला मात्र प्रश्न हसण्यासारखा वाटला नाही. गेली वीस-पंचवीस वर्षे जगातल्या मोठमोठ्या बँका, सरकारे आणि सेवाभावी संस्था याच प्रश्नाशी झगडत आल्या आहेत. ज्या गावात वीज नाही तिथे दुरून तार ओढत न्यावी, की प्रत्येक घराला त्याचा त्याचा छोटा सूर्य द्यावा? उत्तर ऐकून सोडून देण्यासारखे नाही, कारण त्यावर कोट्यवधी मुलांचा अभ्यास आणि त्यांच्या आईवडिलांची रोजीरोटी अवलंबून राहिली आहे. म्हणून या अंकात थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आधी गणित करू. विद्यार्थ्यांनी वही घेऊन बसावे.

घरगुती सौर संच म्हणून खेड्यापाड्यांत जो बसवला जातो, त्याचे पॅनल साधारण ५० वॉटचे असते. दिवसभरात कडक, पूर्ण ताकदीच्या उन्हाचे साडेचार-पाच तास धरले तर ते सव्वादोनशे वॉट-तास ऊर्जा देते. बॅटरीत भरताना आणि काढताना थोडी वाया जाते. हाती उरतात सुमारे २०० वॉट-तास, म्हणजे आपल्या बिलावरच्या भाषेत एक युनिटचा पाचवा हिस्सा. महिन्याचे सहा युनिट. यात पाच वॉटचे तीन एलईडी दिवे पाच तास जळतात, दोन मोबाइल चार्ज होतात आणि एखादा लहानसा पंखा पाच-सहा तास फिरतो. ज्या घरात काल संध्याकाळपर्यंत रॉकेलची चिमणी होती, त्या घरासाठी ही गोष्ट लहान नाही. चिमणीचा धूर डोळ्यांत जातो, छातीत जातो, झोपडीला आग लागण्याची भीती वेगळीच, आणि एवढे करून उजेड किती, तर पुस्तक ज्योतीला टेकवावे इतका.

आता याच २०० वॉट-तासांवर एक हजार वॉटची इस्त्री लावा. बारा मिनिटांत दिवसभराची कमाई संपली. पाच अश्वशक्तीचा शेतीपंप सहा तास चालवायचा झाला तर बावीस युनिट लागतात. म्हणजे असे एकशे दहा संच एकत्र केले तर एका शेतकऱ्याचा एक दिवसाचा पंप चालेल. पिठाची चक्की, सुताराचे रंधायंत्र, वेल्डिंगचे दुकान, दूध थंड ठेवण्याची टाकी, आरोग्य केंद्रातले फ्रीज यांची गोष्टच निराळी. उजेड देणारी वीज आणि काम करणारी वीज यांत किती अंतर आहे, ते या आकड्यांवरून कळावे. आमच्या मते सगळ्या वादाचे मूळ इथेच आहे.

याचा सर्वांत मोठा प्रयोग शेजारच्या बांगलादेशात झाला. २००३ साली तिथल्या खेड्यांत बहुतेक घरे अंधारात होती. ग्रामीण विद्युतीकरण मंडळ १९७७ पासून काम करत होते, पण नद्यांनी चिरलेल्या त्या मुलुखात तारा ओढणे सोपे नव्हते. तेव्हा इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेने जागतिक बँकेच्या मदतीने घरगुती सौर संचांची योजना सुरू केली. संच फुकट वाटायचे नाहीत, हप्त्याने विकायचे. गिऱ्हाईकाने दहा-पंधरा टक्के रक्कम आधी द्यायची आणि उरलेली दोन-तीन वर्षांत फेडायची. हप्ता असा बेतलेला की रॉकेलवर घरात जे पैसे जात होते, त्याच्या आसपास पडावा. २००८ पर्यंत पन्नास हजार घरे करायची, असे ठरले होते. तो आकडा २००५ मध्येच गाठला गेला. २०१३ या एकाच वर्षात आठ लाखांहून अधिक संच लागले. पुढे एकूण संख्या ४१ लाखांवर गेली आणि सुमारे दोन कोटी लोकांच्या घरात उजेड आला. घरगुती सौर संचांचा एवढा मोठा कार्यक्रम त्याआधी जगात कुठेही झाला नव्हता.

हे यश पॅनलचे नव्हते, ते हप्ता घ्यायला येणाऱ्या माणसाचे होते, असे आम्ही म्हणू. इडकॉलच्या वतीने गावोगाव काम करणाऱ्या संस्थांत १९९६ साली सुरू झालेली ग्रामीण शक्ती ही सर्वांत मोठी. तिचा कार्यकर्ता दर महिन्याला वसुलीला घरी येई आणि आलाच आहे तर बॅटरीतले पाणी पाही, सैल झालेली तार आवळी, पॅनलवरची धूळ पुसायला सांगे. दिवा बंद असेल तर घरची बाई हप्ता कशाला देईल? त्यामुळे दुरुस्ती आपोआप वेळच्या वेळी होत असे. संस्थेने खेड्यांतल्या मुलींना संच जोडायचे आणि दुरुस्त करायचे शिक्षणही दिले. आपल्याकडे सरकारी योजनेत मिळालेला सौर दिवा चार-सहा महिन्यांनी खांबावर नुसता टांगलेला दिसतो, त्याचे कारण शोधायला दूर जायला नको. बसवणाऱ्याला पैसे मिळून गेलेले असतात आणि पाहायला येणारा कुणी नसतो.

आपल्या मध्य प्रदेशाशी संबंध असलेले एक उदाहरण इथेच सांगून टाकतो. २०१४ पासून मुंबईच्या आयआयटीने शाळकरी मुलांसाठी दहा लाख सौर अभ्यास-दिव्यांचा उपक्रम राबवला. मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान आणि ओडिशातल्या खेड्यांत तो झाला. विद्यार्थ्याला दिवा १२० रुपयांना मिळे. दिवे कारखान्यातून तयार येत नसत. सुटे भाग येत आणि गावातलीच माणसे शिकून ते जोडत. जो जोडतो तो बिघडल्यावर उघडूही शकतो. आमच्या प्रयोगशाळेतही हाच नियम चालावा अशी आमची इच्छा असते, पण नव्या उपकरणांचे डबे आता स्क्रूशिवायच येतात. असो.

बांगलादेशची गोष्ट २००५ किंवा २०१३ ला संपली असती तर त्या मुलीला आम्ही "हो, काढून टाका खांब" असे सांगितले असते. पण लोकांनी काय केले पाहा. सरकारने तारांचे जाळे जोरात वाढवायला घेतले. महिन्याला लाखो नव्या जोडण्या होऊ लागल्या. ज्या ज्या गावात तार आली तिथे लोकांनी जोडणी घेतली आणि सौर संचाचे हप्ते थांबवले. त्यातच सरकारने समाजकल्याण योजनेतून काही संच फुकट वाटले. शेजाऱ्याला फुकट मिळाले म्हटल्यावर हप्ते भरणारा गप्प बसेल का? संस्थांची वसुली थकली, विक्री पडली आणि २०१८ च्या सुमारास कार्यक्रम आटोपला.

संद्वीप बेटाची हकीगत तर फारच बोलकी आहे. चट्टग्रामसमोर बंगालच्या उपसागरात हे बेट आहे. २०१० साली तिथे शंभर किलोवॉटचे सामायिक सौर केंद्र उभे राहिले. बाजारपेठेतल्या दुकानांना, दवाखान्यांना आणि शाळांना त्यातून वीज मिळू लागली. दर होता युनिटला तीस टक्यांच्या आसपास. मुख्य भूमीवर तारेची वीज त्याच्या कितीतरी पट स्वस्त होती. तरीही बेटावरच्या लोकांना पर्याय डिझेलचाच असल्यामुळे ते तीस टका देत होते. २०१८ साली समुद्राच्या तळाशी सुमारे पंधरा किलोमीटर केबल टाकून बेट राष्ट्रीय जाळ्याला जोडले गेले. ज्यांना आजवर सर्वांत महाग वीज घ्यावी लागली, ते बांगलादेशातल्या गरीब भागांपैकी एका भागातले लोक होते, हे लक्षात घ्या.

आपल्या देशातही असेच घडले. बिहारमधल्या जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचे गाव आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथला ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो तो, गेला आणि परत आलाच नाही. तीस वर्षे गाव अंधारात. २०१४ च्या जुलैमध्ये ग्रीनपीस या संस्थेने इतर दोन संस्थांना बरोबर घेऊन तिथे शंभर किलोवॉटचे सौर केंद्र उभे केले. सुमारे साडेचारशे घरे, पंप, रस्त्यावरचे दिवे, शाळा सगळे त्यावर. कौतुक झाले, पाहुणे आले. पण गावकऱ्यांना सांगण्यात आले होते की फ्रीज लावू नका, जास्त वीज खाणारा टीव्ही लावू नका. थोड्याच दिवसांत माजी मुख्यमंत्री केंद्र पाहायला आले, तेव्हा लोकांनी आपल्याला "असली बिजली" हवी अशी मागणी केली. तारेची वीज लवकरच आली, तीही सौर विजेच्या साधारण एक तृतीयांश दराने. पुढे बॅटऱ्या थकल्या, कुणी बदलल्या नाहीत, आणि काही वर्षांनी त्या केंद्राच्या आवारात गुरे बांधली जात होती.

हे वाचून कुणी म्हणेल की गावकरी अडाणी, त्यांना पर्यावरणाची किंमत कळली नाही. आम्हाला ते मुळीच पटत नाही. शहरात एसी लावून बसणाऱ्याने खेड्यातल्या माणसाला दोन दिव्यांत समाधान मानायला सांगावे, हा कुठला न्याय? धरनईच्या लोकांना असली आणि नकली यांतला जो फरक दिसला तो वॉटचा होता. मुलीच्या लग्नात मिक्सर, दुकानात फ्रीज, शेतात पंप हे त्यांना हवे होते, जसे ते आपल्याला हवे असतात.

आता प्रश्न येतो की तारेची वीज स्वस्त कशी? शंभर-दोनशे किलोमीटर खांब उभे करा, उपकेंद्रे बांधा, माणसे नेमा, आणि तरीही दारातल्या पॅनलपेक्षा स्वस्त? इंदूरकरांना हे पाण्याच्या उदाहरणाने चटकन कळेल. १९७८ पासून आपल्या शहरात नर्मदेचे पाणी येते. जलूदला नदीतून उचलायचे, विंध्याचा चढ चढवायचे आणि सुमारे सत्तर किलोमीटर आणायचे. ज्याने आपल्या अंगणात बोरिंग केले त्याला वाटते, मला नर्मदेची गरज नाही. मे महिन्यात बोरिंग आटले की तोच बादली घेऊन नळापाशी उभा असतो. शिवाय प्रत्येकाने बोरिंग करायचे तर प्रत्येकाला आपल्या सर्वांत मोठ्या गरजेइतके खोल जावे लागेल. लग्नकार्याच्या दिवशी लागेल तेवढे पाणी, मग ते दिवस वर्षात दोनच का असेनात.

विजेचेही तसेच. शंभर घरांपैकी प्रत्येकाला कधी ना कधी एक किलोवॉट लागत असेल, तर वेगवेगळे संच बसवताना शंभर किलोवॉटची तयारी करावी लागेल. पण सगळे एकाच क्षणी इस्त्री करत नाहीत. एका घरात पाणी तापत असते तेव्हा दुसऱ्या घरात सगळे झोपलेले असतात. एका तारेवर जोडले तर कितीतरी कमी क्षमतेत सर्वांचे भागते. शिवाय एका घराचे न वापरलेले ऊन बॅटरी भरल्यावर वाया जाते. तारेवर ते दुसऱ्याच्या कामी येते. बॅटरी हीच तर घरगुती संचातली सर्वांत महाग आणि सर्वांत कमी टिकणारी वस्तू. पॅनल वीस-पंचवीस वर्षे चालते, तर साधी शिसे-आम्लाची बॅटरी चार-पाच वर्षांत बदलावी लागते.

लांबून आणताना वीज वाटेत वाया जात नाही का? जाते. तार तापते आणि तेवढी ऊर्जा गेली. दहावीच्या मुलांना सूत्र माहीत आहे, तापण्यातले नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून उपकेंद्रात विजेचा दाब दहापट वाढवला की तेवढीच शक्ती पोचवायला प्रवाह दहावा हिस्सा लागतो, आणि नुकसान शंभरावा हिस्सा उरते. गावाबाहेरच्या मोठ्या टॉवरवरच्या तारा इतक्या उंच असतात त्या या दाबामुळे. हे दाब चढवणे-उतरवणे ट्रान्सफॉर्मरला जमते ते फक्त प्रत्यावर्ती प्रवाहावर. पॅनलमधून निघतो दिष्ट प्रवाह, म्हणून मध्ये इन्व्हर्टर लागतो. (आमचे पदवीपर्यंतचे विज्ञान हिंदीतून झाले, त्यामुळे अजूनही वर्गात "दिष्ट धारा" आणि "प्रत्यावर्ती धारा" हेच शब्द आधी तोंडी येतात आणि मुले हसतात.)

एवढे ऐकल्यावर तारेची बाजू जिंकली असे वाटेल. तसे नाही. तार दारात येणे आणि तारेत वीज येणे या दोन गोष्टी आहेत. आपल्या देशात २००४ पासून असा नियम होता की गावातल्या सार्वजनिक ठिकाणी आणि दहा टक्के घरांत वीज पोचली की ते गाव विद्युतीकृत म्हणायचे. उरलेल्या नव्वद घरांचे काय? मणिपूरमधले लाइसांग हे शेवटचे गाव २८ एप्रिल २०१८ रोजी जोडले गेले, तेव्हाही घरे मोजली तर काम उरलेले होते. त्यासाठी २०१७ च्या सप्टेंबरात सौभाग्य योजना सुरू झाली होती. तिच्यात एक शहाणपणाची तरतूद होती. ज्या वाड्यावस्त्यांवर खांब नेणे परवडणारे नाही तिथे घरटी दोनशे ते तीनशे वॉटचा सौर संच द्यायचा, त्यात पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि एक प्लग, आणि पाच वर्षांची दुरुस्तीही त्यातच. ५० वॉट नव्हे, दोनशे-तीनशे; आणि दुरुस्तीसकट. बांगलादेशने शिकवलेला धडा इथे दिसतो.

वीज येण्याच्या तासांचे म्हणाल तर २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली आपल्या प्रांतातली कटौती पालकांना आठवत असेलच. २००३ च्या निवडणुकीत "बिजली, सडक, पानी" हे तीन शब्द उगाच गाजले नव्हते. तारा होत्या, मीटर होते, बिलही येत होते. पुढे २०१३ मध्ये अटल ज्योती अभियानातून घरांना चोवीस तास आणि शेतीला वेगळ्या फीडरवर ठरावीक तास वीज देण्याची व्यवस्था सुरू झाली.

बांगलादेशात तर तार पोचल्यावर लगेचच तिची दुसरी बाजू दिसली. २१ मार्च २०२२ रोजी पायरा येथील १,३२० मेगावॉटच्या कोळशाच्या केंद्राचे उद्घाटन झाले आणि देशात शंभर टक्के विद्युतीकरण झाल्याची घोषणा झाली. चार महिन्यांत, जुलैमध्ये, जगात गॅसच्या किमती भडकल्यामुळे सरकारला वेळापत्रक लावून वीज बंद ठेवावी लागली. ४ ऑक्टोबर २०२२ ला जाळ्यात बिघाड होऊन देशाचा बहुतांश भाग काही तास एकाच वेळी अंधारात गेला. २०२३ च्या जूनमध्ये कोळसा घ्यायला डॉलर नाहीत म्हणून पायरा केंद्रच काही आठवडे बंद पडले. ज्यांनी आपला जुना सौर संच विकला नव्हता त्यांच्या घरात त्या रात्री दिवे होते. घरचा सूर्य ही छोटी गोष्ट आहे, पण तिला परदेशातून कोळसा आणावा लागत नाही.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. सौर म्हणजे घरगुती आणि केंद्रीय म्हणजे कोळसा, अशी वाटणी आता राहिलेली नाही. आपल्याच राज्यात रीवा जिल्ह्यात ७५० मेगावॉटचा सौर प्रकल्प २०२० साली राष्ट्राला अर्पण झाला. २०१७ च्या लिलावात त्याचा पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला होता. तिथली वीज तारेने दिल्लीच्या मेट्रोपर्यंत जाते. इंदूर महानगरपालिकेनेही २०२३ साली नागरिकांकडून रोख्यांद्वारे २४४ कोटी रुपये उभे करण्यास काढले, ते खरगोन जिल्ह्यात ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारून जलूदचे पंप चालवण्यासाठी. मघाशी पाण्याचे उदाहरण दिले, त्या पाण्याची वीजसुद्धा उन्हाची व्हावी म्हणून. एकत्र मोठ्या मैदानावर मांडलेले पॅनल आणि घरोघरी सुटे मांडलेले पॅनल यांत सूर्य तोच असतो, फक्त पहिल्यात बसवण्याचा आणि देखभालीचा खर्च युनिटमागे बराच कमी पडतो.

मग घरावर पॅनल लावूच नये का? २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत आपल्या वाचकांपैकी काहींनी पॅनल बसवले आहेत. तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत केंद्राचे अनुदान आहे. पण या घरांनी खांब सोडलेला नाही. दिवसा जास्तीची वीज तारेत जाते, रात्री तारेतून परत येते आणि मीटर वजाबाकी करतो. काही पालकांनी तक्रारीच्या सुरात विचारले की छतावर एवढे पॅनल असून लाइट गेली की आमच्याकडेही अंधार कसा? ते मुद्दाम केलेले असते. तारेतली वीज गेली की इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो, कारण तुमच्या छतावरची वीज तारेत जात राहिली तर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाइनमनला धक्का बसेल. अंधार नको असेल तर बॅटरीचा संच वेगळा घ्यावा लागतो आणि त्याचा खर्चही वेगळा.

इथे एक काळजीची गोष्ट आहे, आणि ती पाकिस्तानात स्पष्ट दिसली. तिथे तारेची वीज फार महाग झाली. २०२४ या एका वर्षात त्या देशाने चीनमधून सुमारे १७ गिगावॉट, म्हणजे सतरा हजार मेगावॉटचे पॅनल आणले. ज्यांना परवडले त्यांनी छतावर लावून बिल शून्याजवळ आणले. पण वीजकेंद्रांची कर्जे, तारा, उपकेंद्रे यांचा खर्च तर तेवढाच राहिला. तो उरलेल्या ग्राहकांवर पडला, म्हणजे ज्यांच्याकडे स्वतःचे छत नाही, भाड्याची खोली आहे, त्यांच्यावर. घरगुती सौर ऊर्जा एकेकाळी गरिबाचा पहिला दिवा होती. तीच श्रीमंताची सामायिक पंगतीतून उठून जाण्याची वाट होऊ शकते. आपल्याकडे अजून तशी वेळ आलेली नाही, पण मीटरचे आणि स्थिर आकाराचे नियम ठरवणाऱ्यांनी हे पाहूनच ठरवावे.

राहता राहिल्या त्या वस्त्या, जिथे तार खरोखरच जाणे कठीण आहे. सातपुड्यातले दूरदूर पसरलेले फाळे, ब्रह्मपुत्रेतली दर पुराला जागा बदलणारी बेटे. तिथे घरगुती संच किंवा वस्तीपुरते सौर केंद्र हेच उत्तर आहे आणि पुष्कळ काळ राहील. आमचे म्हणणे एवढेच की तो संच देताना त्यांना चक्की चालेल इतके वॉट द्यावेत, बॅटरी बदलायला पैसे बाजूला ठेवावेत, आणि शहरातल्या माणसाला जो दर पडतो त्यापेक्षा जास्त दर त्यांच्याकडून घेऊ नये. संद्वीपच्या माणसाने तीस टका द्यावेत आणि ढाक्याच्या माणसाने त्याच्या कितीतरी कमी, हे आम्हाला योग्य वाटत नाही. डोंगरातल्या टपालालाही आपण तेवढेच तिकीट लावतो.

आता आपल्या शाळेपुरते. कार्यकारिणीपुढे नव्या इमारतीच्या छतावर दहा किलोवॉटचे पॅनल बसवण्याचा प्रस्ताव आहे. सूर्यघरचे अनुदान घरांसाठी आहे, शाळांना ते लागू नाही, त्यामुळे खर्च संस्थेलाच करावा लागेल. दिवसाला सरासरी चाळीस युनिट मिळावेत असा अंदाज आहे. सोबत एक लहान बॅटरी संच घ्यावा की नाही यावर दोन मते आहेत. आमचे मत घ्यावा असे आहे, पण फक्त संगणक कक्ष आणि परीक्षेच्या दोन खोल्यांपुरता. सगळी इमारत बॅटरीवर चालवणे परवडणार नाही. ऊन सर्वांत जास्त असते ते मे महिन्यात, आणि तेव्हा शाळा बंद असते. (पॅनलला ऊन लागते, उष्णता नको असते, फार तापले की ते थोडी कमी वीज देते, तरीही मे महिन्याचा हिशेब चांगलाच निघतो.) ती महिनाभराची वीज तारेतून मागच्या गल्लीतल्या घरांच्या कूलरांना जाईल आणि आपल्या बिलात जमा होईल. अंदाजपत्रकाची प्रत कार्यालयात ठेवली आहे. पालकांनी ती सकाळी अकरा ते एक या वेळात पाहावी आणि आपल्या सूचना लेखी द्याव्यात. विजेच्या कामातले जाणकार पालक असतील त्यांनी जरूर यावे. बॅटरीच्या किमतीबद्दल आम्हाला त्यांच्याशी बोलायचे आहे.